बोर्ड ऑफ रिव्ह्यूमधला तिसरा माणूस

पत्र असं आलंय (लांब होतं, मी कापलंय, आणि ओळख पटेल असं सगळं काढून टाकलंय):

"ताई, आम्ही न्यू जर्सीत राहतो. मुलगा इथल्या स्काऊट ट्रूपमध्ये (पथकात) आहे, सोमवारी चर्चच्या हॉलमध्ये मीटिंग असते. मागच्या वर्षी कुणीतरी फॉर्म पुढे केला आणि मी ट्रूपचं काम बघणाऱ्या मोठ्यांच्या कमिटीत मेंबर झालो, मला वाटलं पिझ्झा आणायचं वगैरे काम असेल. परवा एका दुसऱ्या मुलाचा सेकंड क्लास रँकचा (सुरुवातीच्या पायऱ्यांपैकी एक) बोर्ड ऑफ रिव्ह्यू होता, म्हणजे रँक देण्याआधी कमिटीतली माणसं मुलासोबत बसतात ती बैठक. बोर्डावर मी, ट्रेझरर बाई आणि एक जुने गृहस्थ, ते स्वतः ईगल स्काऊट (सगळ्यात वरची रँक), त्यांची मुलंही ईगल. त्यांनी खिशातून दोरी काढली आणि म्हणाले बोलाईनची गाठ बांधून दाखव. पोराला जमली नाही. मग म्हणाले पुढच्या महिन्यात तयारी करून ये, आणि तसाही तू सॉकर सीझनमध्ये दिसत नाहीस. पोरगा रडवेला झाला. मी गप्प बसलो. आता कमिटीच्या ईमेलवर नुसती जुंपलीय, स्काऊटमास्टर (ट्रूपचे प्रमुख) एकीकडे, हे गृहस्थ दुसरीकडे. त्यातच मी पुढच्या कॅम्पआउटला व्हेज जेवणाचं विचारलं तर एकाने लिहिलं की सगळ्यांचे लाड कसे पुरवणार. बायको म्हणते राजीनामा दे. मी कधी स्काऊट नव्हतो, या लोकांसमोर माझं बोलणं किती चालणार? मी बोलू का, आणि कुणाच्या बाजूने?
– कमिटीतला तिसरा"

नमस्कार कमिटीतले तिसरे,

बाजू कुठली घ्यायची ते नंतर बघू, आधी त्या पोराचा बोर्ड परत बसवायला लावा. पुढच्या महिन्यात नाही हो, येत्या सोमवारी. तुम्ही मोठी माणसं एकमेकांना लांबलचक ईमेल लिहित बसलायत ना, तेवढ्या वेळात तो घरात बसून ठरवून टाकतो की आपण काही स्काऊटिंगवाले नाही, आपण सॉकरवाले, आणि एकदा त्याने ठरवलं की तुमची कमिटी काय करणार, ट्रूपचा ट्रेलर विकणार?

आता नियम. गाईड टू ॲडव्हान्समेंट म्हणून अमेरिकेतल्या स्काऊट संस्थेचं रँकच्या नियमांचं एक पुस्तक आहे, नेटवर फुकट मिळतं, जाडजूड आहे पण तुम्हाला त्यातलं बोर्ड ऑफ रिव्ह्यूचं प्रकरणच वाचायचंय, एका बैठकीत होतं. त्यात स्वच्छ लिहिलंय की बोर्ड म्हणजे परीक्षा नाही, एकदा पास झालेली गोष्ट बोर्डाने परत तपासायची नाही. मुलाने बोलाईन कधीतरी कॅम्पवर किंवा मीटिंगमध्ये बांधून दाखवली, स्काऊटमास्टरने ज्याला अधिकार दिलाय त्याने मुलाच्या हँडबुकमध्ये तारीख घालून सही केली, संपलं. मग बोर्डाने करायचं काय, तर त्याच्याशी बोलायचं. कुठल्या कॅम्पला मजा आली, पाच मैलांच्या हाईकला नकाशा कुणाकडे होता आणि वाट चुकलात का, पेट्रोलमध्ये (ट्रूपमधली पोरांची छोटी टोळी) काय चाललंय, ट्रूपमध्ये काय आवडत नाही. यातनं सगळं कळतं, पोराने खरंच केलंय का तेही कळतं आणि आपला ट्रूप कसा चाललाय तेही, आणि खरं सांगू का, दुसरी गोष्ट जास्त कळते.

आणि याच्या जोडीला अजून एक नियम आहे, जो जवळपास प्रत्येक कमिटीत कुणी ना कुणी मोडतंच: रिक्वायरमेंटमध्ये, म्हणजे रँकसाठीच्या अटींमध्ये, काही वाढवायचं नाही आणि काही कमी करायचं नाही. कुणालाच, म्हणजे स्काऊटमास्टरला नाही, कमिटीला नाही, कौन्सिललाही (संस्थेची स्थानिक शाखा) नाही. "आमच्या ट्रूपमध्ये आम्ही जरा कडक असतो" हे वाक्य तुम्ही ऐकलं असेलच. ऐकायला भारी वाटतं पण असा अधिकार ट्रूपला नाहीये.

सॉकरचं तर ऐकून मला हसूच आलं. सेकंड क्लासला अमुक इतके महिने हजर राहा अशी अटच नाही हो! ती अट पुढच्या रँकना येते, स्टारसाठी फर्स्ट क्लास झाल्यावर चार महिने, लाईफसाठी सहा, ईगलसाठी परत सहा, आणि तिथेसुद्धा दर सोमवारी हजेरी असा अर्थ होत नाही, मुलाच्या बाकीच्या आयुष्याचा विचार करा असंच सांगितलंय. सेकंड क्लासला आहे ते एवढंच की ट्रूपच्या किंवा पेट्रोलच्या पाच वेगवेगळ्या ॲक्टिव्हिटी, त्यातल्या निदान तीन बाहेरच्या, आणि त्यातल्या निदान दोन रात्री मुक्कामाच्या. त्या त्याने केल्यात का? हँडबुकात सही आहे का? मग ऑक्टोबरमध्ये तो कुठे बॉल मारत होता याच्याशी बोर्डाचा काय संबंध.

तुमच्या गप्प बसण्याबद्दल. तुम्ही ते दोनदा लिहिलंयत (एकदा मी कापलं), म्हणजे खुपतंय. बोर्डावर कमीत कमी तीन आणि जास्तीत जास्त सहा माणसं असतात, आणि रँक द्यायची तर सगळ्यांचं एकमत लागतं. म्हणजे एकजण जरी अडून बसला तरी अडतं, तुम्ही बोलला असतात तरी कदाचित त्या रात्री अडलंच असतं. पण म्हणूनच जे काय समजावायचं ते त्या खोलीतच समजावावं लागतं, मुलाला पाच मिनिटं बाहेर बसवून. मुलगा बाहेर असताना "एक मिनिट, आपल्याला असं परत टेस्ट करता येतं का, मला माहीत नाही म्हणून विचारतोय" एवढं म्हणायला ईगल असावं लागत नाही. उलट नवीन माणसालाच ते शोभतं. जुन्याने विचारलं तर तो वाद होतो, नव्याने विचारलं तर लोक पुस्तक उघडतात. तुम्हाला अजून वर्षभर तरी नवीन असल्याचा फायदा घेता येईल, घ्या.

आणि समजा नाहीच दिली रँक, तरी मुलाला नेमकं काय राहिलंय, ते कसं पूर्ण करायचं आणि परत कधी बसायचं हे सांगावं लागतं, आणि मागोमाग लेखी द्यावं लागतं. "तयारी करून ये" हे लेखी देऊन बघा म्हणावं. कुठल्या रिक्वायरमेंटचा नंबर घालणार?

तर सोमवारच्या आधी तुम्ही काय करायचं. ईमेलला उत्तर द्यायचं नाही. परत सांगते, रिप्लाय ऑल दाबायचं नाही, कितीही सुंदर परिच्छेद सुचला असला तरी. ॲडव्हान्समेंट चेअर, म्हणजे कमिटीत रँकचं काम बघणारी व्यक्ती, कोण आहे तुमच्याकडे? बोर्ड बसवणं हे बहुतेक ठिकाणी त्यांचं काम असतं. त्यांना फोन करा. फोन, मेसेज नाही. सांगा, मी त्या बोर्डावर होतो, मला वाटतं आपल्याकडून चूक झालीय, मी ते प्रकरण वाचलंय, आपण परत बसवूया का, मी लागेल ती मदत करतो. त्यांनी ऐकलं तर झालं. नाही ऐकलं तर कमिटी चेअर. तिथेही नाही तर प्रत्येक ट्रूपला बाहेरचा एक सल्लागार, युनिट कमिशनर, नेमलेला असतो, निदान कागदावर तरी, त्याचं कामच असल्या वेळी येऊन शांतपणे पुस्तक दाखवणं हे असतं. एवढ्या वर जायची वेळ सहसा येत नाही हो, बहुतेक वेळा पहिल्याच फोनला समोरचा म्हणतो "थँक गॉड, कुणीतरी बोललं".

बोर्ड परत बसेल तेव्हा तेच तिघे नकोत. त्या पोराने त्याच खुर्चीत त्याच दोरीसमोर का बसायचं. कमिटीतले दुसरे घ्या. त्याचे आईवडील अर्थात नकोत, स्वतःच्या मुलाच्या बोर्डावर बसता येत नाही, आणि स्काऊटमास्टर आणि त्यांचे असिस्टंट पण नकोत, त्यांनी शिकवलंय म्हणूनच तर बोर्ड वेगळं असतं.

त्या ईमेल थ्रेडबद्दल मला अजून थोडं बोलायचंय. त्यात त्या मुलाचं नाव आहे ना? असणारच. कमिटीतल्या कुणाची तरी बायको त्याच्या आईच्या ओळखीची असते, कुणीतरी कुणाला तरी "बघ काय चाललंय" म्हणून फॉरवर्ड करतं आणि त्या बाईला किराणा घेता घेता फोनवर वाचायला मिळतं की दहा मोठी माणसं तिच्या मुलाला गाठ येते की नाही यावर भांडतायत. म्हणून मी ज्या कमिटीवर होते तिथे आम्ही ठरवलं होतं, मुलाबद्दलचं बोलणं तोंडी, लेखी फक्त तारखा, पैसे आणि गाड्या कोण नेणार. यात लपवाछपवी नाही बरं का, गल्लत करू नका. युथ प्रोटेक्शनचा, मुलाच्या सुरक्षिततेचा विषय असेल तर तो तोंडी मिटवायचा नसतोच, तो लगेच आणि ठरलेल्या मार्गानेच कळवायचा. मी गाठीबिठींच्या भांडणाबद्दल बोलतेय.

चेअरला एवढंच सुचवा की हा थ्रेड बंद करून विषय पुढच्या कमिटी मीटिंगला घेऊ. आपल्याकडे गणपती मंडळाच्या मीटिंगमध्ये जसं ढोल किती वाजेपर्यंत यावर दोन तास जातात आणि खरं भांडण वर्गणीचा हिशोब कुणी मागितला यावरून असतं, तसंच इथेही असतं. तुमच्या स्काऊटमास्टरचं आणि त्या गृहस्थांचं काहीतरी जुनं असणार, मागच्या समर कॅम्पचं असेल, किंवा ट्रूपसाठी पोरं पॉपकॉर्न विकतात त्या पैशांचं. तुम्हाला ते माहीत नाही आणि माहीत करून घेऊही नका.

आता त्या गृहस्थांची बाजू. हो, मी घेणार थोडी. तुम्ही त्यांना व्हिलन करून लिहिलंयत पण मला ते ओळखीचे वाटले, प्रत्येक ट्रूपमध्ये असा एक असतो आणि तो गेला की ट्रूपला कळतं काय गेलं. पावसात तंबूची ताणाची दोरी कोण घट्ट करतो, पहाटे सगळ्यांच्या आधी उठून स्टोव्हवर कॉफी कोण ठेवतो, निखाऱ्यावरच्या जाड लोखंडी भांड्यात पीचचा गोड पदार्थ कोण करतो? तेच. त्यांची भीती खोटी नाहीये. सह्या ढिलाईने होतात हे खरं आहे. समर कॅम्पला पंचवीस पोरांना एका ओळीत बसवून कुणीतरी गाठ दाखवतं, निम्म्यांची होते, निम्म्यांची शेजारचा करून देतो, आणि संध्याकाळी पंचवीस सह्या. ज्या माणसाने स्वतः लहानपणी त्या रँकसाठी घाम गाळलाय त्याला हे बघवत नाही. आजही त्यातले कितीतरी जण संस्थेला बीएसएच (बॉय स्काऊट्स ऑफ अमेरिका) म्हणतात, नाव २०२५ च्या फेब्रुवारीत बदलून स्काऊटिंग अमेरिका झालंय तरी. आपलं काहीतरी हातातून चाललंय असं त्यांना वाटतं आणि मग ती सगळी कळकळ निघते ती कुठे, तर बोर्डात बसलेल्या एका बारक्या पोरावर.

चूक आहे ती जागेची. पोराला गाठ आली नाही ही माहिती बोर्डाला मिळाली, छान, ती माहिती स्काऊटमास्टरकडे जायला हवी, की बाबा तुमच्याकडे सह्या कोण करतंय बघा, गाठींचा सराव कमी पडतोय. पोराला रँक द्यायची आणि ट्रूपने आपलं सुधारायचं.

म्हणून माझं म्हणणं आहे की तुम्ही त्यांना भेटा. मीटिंग संपल्यावर पार्किंग लॉटमध्ये, जिथे स्काऊटिंगची निम्मी कामं होतात. त्या रात्रीचा विषय काढायचाच नाही. सांगा की मला बोलाईन येत नाही, शिकवाल का. (तुम्हाला येत नाहीच ना? खोटं बोलायची गरज नाही.) ते खिशातून दोरी काढतील, ती असतेच खिशात, आणि पंधरा मिनिटांत तुम्हाला बोलाईन आणि शीट बेंड या दोन्ही गाठी येतील, आणि त्या पंधरा मिनिटांत त्यांच्या वडिलांची, त्यांच्या ट्रूपची, सगळी गोष्ट ऐकायला मिळेल. मग हळूच विचारा की दर सोमवारी पहिली पंधरा मिनिटं नवीन पोरांसाठी गाठींचा कोपरा तुम्ही घ्याल का, मी मदतीला थांबतो. मदतीला थांबणं महत्त्वाचं, एक तर दोन मोठी माणसं हवीतच असा नियम आहे, आणि दुसरं म्हणजे ते पोरांवर ओरडायला लागले तर कुणीतरी विनोद करायला हवं. अर्थात आधी स्काऊटमास्टरला विचारा, कार्यक्रम त्यांचा आणि सीनियर पेट्रोल लीडरचा (पोरांमधला मुख्य नेता) असतो, कमिटीने परस्पर ठरवायचा नाही, नाहीतर हे नवीन भांडण.

हे जमेलच असं नाही. काही लोकांना दोरी नको असते, खुर्ची हवी असते. तसं निघालं तर सोडून द्या, बोर्ड परत बसला की तुमचं काम झालं.

"मी कधी स्काऊट नव्हतो" हे मात्र मला पटलेलं नाही. इथले निम्मे व्हॉलंटियर आईबाप कधी स्काऊट नव्हते, फरक इतकाच की ते इथे वाढलेत म्हणून त्यांना लाज वाटत नाही. तुमच्या शाळेत भारत स्काऊट्स आणि गाईड्सचं पथक होतं का? आमच्या पिढीत बऱ्याच जणांच्या होतं, खाकी, गळ्यात स्कार्फ, तीन बोटांचा सॅल्यूट आणि डाव्या हाताने हस्तांदोलन. तोच सॅल्यूट आणि तेच हस्तांदोलन तुमचा मुलगा न्यू जर्सीच्या चर्चमध्ये करतोय. आणि नसलात तरी कमिटी मेंबरचं ट्रेनिंग ऑनलाईन आहे, घरी बसून करता येतं, ते करा. माझा अनुभव असा की वीस वर्षं जुन्या माणसांनी ते शेवटचं कधी उघडलं होतं हे त्यांना आठवत नसतं, तुम्ही परवा केलेलं असलं की आपोआप तुम्हीच जाणकार. ॲक्सेंटचं तर सोडाच, पोरांना दोन मिनिटांत सवय होते, मोठ्यांना थोडी जास्त लागतात.

राजीनाम्याबद्दल: आत्ता नको. या भांडणावरून सोडलंत तर मुलाला वाटेल भांडण झालं की निघायचं असतं. जूनमध्ये शाळा संपताना परत विचार करा, तेव्हाही सोमवारी सकाळपासून पोटात गोळा येत असेल तर खुशाल सोडा, मुलगा ट्रूपमध्ये राहू शकतो, तुम्ही कमिटीत असायलाच हवं असं नाही. आणि बायकोला सांगा मी तिच्या विरोधात नाहीये, तिला घरी तुमची चिडचिड ऐकावी लागते.

राहता राहिलं व्हेज जेवण. इथे मी तुमच्यावर जरा रागावणार आहे. कॅम्पआउटला पोरांचं जेवण कमिटी ठरवत नाही! पेट्रोल ठरवतं. कॅम्पच्या आधीच्या मीटिंगला पोरं बसून मेनू लिहितात, एकजण ग्रबमास्टर होतो, माणशी ठरलेल्या पैशांत तो खरेदी करून आणतो. तुम्ही ईमेल करून एका सोप्या गोष्टीला पॉलिसीचा प्रश्न केलात, आणि पॉलिसी म्हटलं की कुणीतरी "सगळ्यांचे लाड" लिहिणारच. तो माणूस उद्धट आहे यात वाद नाही, पण त्याला तुम्हीच स्टेज दिलं. मोठ्यांचा स्वयंपाक वेगळा असतो, त्याला गमतीने ओल्ड गोट पेट्रोल म्हणतात, तिथे तुम्ही तुमचं बघा, पण पोराचं पोराला बोलू दे. "मी मीट खात नाही, सॉसेजचा पॅन वेगळा ठेवाल का" हे वाक्य त्याने स्वतः त्याच्या पेट्रोल लीडरला सांगायचं. लाजेल, एकदा उपाशी पण राहील कदाचित, नुसता ब्रेड आणि चीज खाईल. पुढच्या वेळी बरोब्बर बोलतो.

आणि त्याहून चांगली आयडिया आहे. तुमचा मुलगा सेकंड क्लासच्या वाटेवर असेल तर त्यालाही एका कॅम्पआउटवर गरम ब्रेकफास्ट किंवा लंच प्लॅन करून स्वतः बनवायचाय, त्यात मायप्लेट किंवा सध्याचा सरकारी आहाराचा तक्ता बघून सकस काय ते घालायचं. पोहे करू दे की त्याला! एका पॅनमध्ये होतात, स्टोव्ह जास्त वेळ लागत नाही, खराब व्हायला काही नाही, कांदा बटाटा मटार घातला की भाजी झाली, बरोबर उकडलेली अंडी चालत असतील तर ती, नाहीतर दही, आणि एखादं फळ. घरी दोन रविवार त्याच्याकडून करून घ्या, तुम्ही किचनच्या बाहेर थांबायचं. पोहे भिजवून ठेवून तो तंबूकडे गेला की लगदा होतो, तो एकदा घरीच होऊ दे. हळदीने ट्रूपचा पॅन पिवळा होईल, भांडी घासायची पाळी त्याचीच लावा म्हणजे तक्रार नको. आणि मुलांच्या हेल्थ फॉर्मवर कुणाला शेंगदाण्याची ॲलर्जी आहे का हे स्काऊटमास्टरकडून आधी विचारून घ्या, असेल तर शेंगदाणे घरीच ठेवा आणि तेल पण शेंगदाण्याचं नेऊ नका, हे आपले लोक हमखास विसरतात.